कमानीमार्फत संसार

अनंतनं कमानीची उंची जमिनीपासून थेट टोकापर्यंत मोजली, आणि माप अगदी बरोबर होतं. पण ती कमान वर जाता जाता निमुळती होत गेली होती, आणि कापसाची गाडी वर जाता जाता फुगत जाते. टेपला ह्यातलं काही दिसत नाही.

मागच्या फाटकाशी चिखल झाला होता, म्हणून ह्या नव्या ओव्हरसियरनं गाडी पुढच्या, खास साहेबाच्या बग्गीसाठी राखलेल्या दरवाजातून घालायला सांगितली.

"बाबूजी, अडकंल," गाडीवान म्हणाला.

"मी मोजलंय!"

गाडी कमानीत बुचासारखी बसली. बैलांनी जोर लावला, कमान हादरली, आणि माथ्यावरचा दगडी कळस निखळून, कमानीला लागून असलेल्या डाव्या खोलीचं छप्पर फोडून, थेट दरवानाच्या बायकोच्या, मालूबाईच्या चुलीवर जाऊन बसला. मालूबाई पाण्याला गेली होती म्हणून बरं.

शनवारा वस्तीबाहेरच्या त्या जिनिंग कारखान्याचा हा दरवाजा आधीच्या गोऱ्या साहेबानं विलायतेची आठवण काढत बांधून घेतला होता. टोकदार कमान, टोकदार खिडक्या, कोपऱ्याकोपऱ्यावर दगडी भाले. बहादरपूरहून बाजाराला येणाऱ्या बाया गिरजाघर समजून लांबूनच हात जोडत. छप्पर इतकं उभं, की वर वाळत घातलेला पापड न वाळताच रस्त्यावर येई. दरवानाला खोल्या दोन दिलेल्या. एक कमानीच्या डाव्या अंगाला, एक उजव्या, मधून रस्ता. नकाशात फार शोभून दिसलं असणार. नकाशात कुणाला स्वयंपाक करायचा नव्हता.

डावीकडं चूल, उजवीकडं उखर्डू दरवानाची बाज आणि फाटकाच्या किल्ल्या. मालूबाई लग्न होऊन आली तेव्हा सासू चुलीपाशी ठाण मांडून असे. सासूदेखत नवऱ्याशी बोलायचं नाही, नाव तर घ्यायचंच नाही. मग मालूबाई कमानीशी बोलू लागली.

"कमाने, सांग तुह्या धन्याले, भाकर थंडी होऊ राह्यली!"

तिकडून उखर्डू ओरडे, "कमाने, सांग तिले, बग्गी जाऊ दे आधी!"

सासू गेली, दोघांचे केस पिकले, मध्यस्थ कमानच राहिली. दगडात आवाज असा घुमे, की उखर्डूकडं आज वांगं आहे की गिलकं हे अर्ध्या शनवाऱ्याला आधी कळे. एकदा भांडण ऐन रंगात असताना बग्गी मधून गेली, तर आपल्याच स्वागताला आरोळ्या चालल्यात असं समजून साहेबानं टोपी उचलली.

आता साहेबानं निकाल अनंतवर सोडला होता. डावी खोली पुन्हा बांध, नाहीतर पाडून टाक. म्हातारा-म्हातारीला एक खोली पुरे. अनंतला पाडणंच पसंत पडलं. आपण मोडलेलं नजरेआड होणार, आणि वर पुण्य वेगळंच. जन्मभर रस्त्याच्या अल्याड-पल्याड राहिलेली दोघं एका छपराखाली येणार!

साहेबाला कळवण्याआधी तो मुद्दाम पाहायला गेला. उजव्या खोलीत मालूबाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजत होती. हातभर अंतरावर उखर्डू बाजेवर बसला होता. तिनं ताट सरकवलं. भाजीत मीठ कमी असावं. उखर्डूनं तोंड उघडलं, दाराबाहेर कमानीकडं पाहिलं, आणि तोंड मिटलं. मालूबाईनं त्याचं मिटलेलं तोंड पाहिलं, पदर सारखा केला आणि चुलीत फुंकत राहिली. खोलीत फक्त लाकडं बोलत होती.

किती शांत सुख, अनंतला वाटलं.

"आता बरंय ना, उखर्डूबाबा? ती खोली पाडायचं सांगून टाकतो. बसा दोघं निवांत बोलत."

उखर्डू ताट ठेवून उठला. अनंतला दंडाला धरून त्यानं कमानीखाली आणलं, आणि पलीकडच्या फुटक्या छपराकडं बोट केलं.

"बाबूजी, बायको मुकी झाली माही, चूल तिकडंच बांधा."