सासूबाईंच्या अंगठ्याची दोरी

आमची मुलगी दहा महिन्यांची होईपर्यंत कधी अंथरुणावर झोपली नाही. ती झोपायची झुल्यात. माझ्या जुन्या सुती साडीचा झुला, मधल्या खोलीत आढ्याला बांधलेला, त्याला एक लांब दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक सासूबाईंच्या पायाच्या अंगठ्याला. सासूबाई ओसरीत बसून तांदूळ निवडायच्या, लसूण सोलायच्या, शेजारणीशी भांडायच्यासुद्धा, आणि अंगठा आपला हलतच असायचा. नवेगाव बांधच्या आमच्या बाजूला लेकरं अशीच वाढतात. मीही अशीच वाढले असणार.

अडचण एवढीच, की अंगठा थांबला की लेकरू उठायचं. रात्री तो अंगठा माझा असायचा. नवरा देवरीला नोकरीला, आठवड्यातून एकदा येणार. मी दोरी बांधून पडायचे, डुलकी लागायची, झुला थांबायचा, ती किंचाळायची, मी दोरी ओढायचे. सगळी रात्र हेच.

आणि मी कोण, तर उपकेंद्रातली नर्स. बाळाला जागं असतानाच अंथरुणावर ठेवा, रोज एकाच वेळी, दिवा बारीक करून, असं गावातल्या आयांना सांगणारी. काय तोऱ्यात सांगायचे! माझ्या स्वतःच्या घरात त्याचा पत्ता नव्हता.

मग ती लसीकरणाची सकाळ आली. एका बाळाला टोचून मी सिरिंज टाकली, नवी भरली, आणि त्याच बाळाची मांडी पुन्हा धरली. मदतीला असलेल्या आशाताईने माझं मनगट पकडलं. "ताई! हिले आत्ताच देली ना!" बाळाची आई पिशवीत कार्ड शोधत होती, तिला काही कळलं नाही. मी ती भरलेली सिरिंज खाली ठेवून दिली. झोपेच्या गुंगीत माझ्या हातून एखाद्या लेकराचं काहीतरी होणार, ही भीती त्या दिवसापासून माझ्या मनात घर करून बसली.

घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं, उद्यापासून झुला बंद. त्या भडकल्या. "लेकराले रडवाले निघाली का? कायले? मी आहो ना दोरी हलवाले!"

मीही काही कमी नाही. म्हटलं, "आई, धान कापायला आलंय. तुम्ही शेतात गेल्यावर दोरी कोण हलवणार?" त्यावर त्या तोंड फिरवून बसल्या. दोन दिवस आमचं बोलणं कामापुरतं, आणि झुला तसाच टांगलेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी लवकर घरी आले आणि ओसरीच्या पायरीवरच थबकले. सासूबाई भिंतीला टेकून गाढ झोपल्या होत्या. तोंड उघडं, मांडीवरचं सूप तिरपं, अंगठा गप्प, दोरी जमिनीवर लोळत पडलेली. पोरगी तर हल्ली झुल्यात उठून बसायला लागली होती. पडली तर, म्हणून मी तशीच आत धावले.

ती जागी होती. पाठीवर पडून स्वतःचा पंजा डोळ्यांसमोर धरून एकेक बोट तपासत होती, आणि त्या बोटांशी काहीतरी बोलत होती. मध्येच कुरकुरली. याच आवाजाला आम्ही दहा महिने दोरी ओढत आलो होतो. माझा हात पुढे झालाच होता, तो कसाबसा मागे घेतला. तिने मान इकडून तिकडे केली, साडीचा काठ गालाशी धरला, एक लांब श्वास सोडला. पापण्या उतरल्या, उघडल्या, पुन्हा उतरल्या. आणि ती झोपली. कुणी झोपवलं नाही, तिची तीच झोपली. मी कितीतरी बाळंतपणं केली आहेत, कितीतरी बाळांचं पहिलं रडणं ऐकलं आहे, पण एवढी थक्क मी कधी झाले नव्हते. त्या एवढ्याशा जिवाला झोपेची वाट आधीच ठाऊक होती, आणि आम्ही दोघी शहाण्या तिला दर वेळी तिथून ओढून परत आणत होतो.

"मी झोपली होती का वो?" सासूबाई मागे येऊन ओशाळून पुटपुटल्या. मी नुसतं बोट दाखवलं. त्यांनी झुल्यात वाकून पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "अगं माय! आपली आपलीच झोपून राहिली."

त्याच संध्याकाळी झुला उतरवला. एका दुपारीत सवय लागत नाही, हेही लगेच कळलं. दिवेलागणीला कोमट पाण्याने अंग पुसायचं, मऊ भात भरवायचा, मग गोधडीवर निजवायचं. पहिले तीन दिवस तिने घर डोक्यावर घेतलं. मी न उचलता तिच्या अंगावर हात ठेवून बसायचे. सासूबाईंना ते रडणं ऐकवत नसे, त्या झाडलेलं अंगण पुन्हा झाडायच्या. हळूहळू रडणं कमी झालं. मी सलग झोपू लागले, आणि पुढच्या लसीकरणाला प्रत्येक मांडी एकदाच धरली.

कापणीच्या आदल्या संध्याकाळी तिला गोधडीवर ठेवून मी शेजारी बसले. एरवी मला पाहिलं की ती दोन्ही हात वर करायची, उचल म्हणून. त्या दिवशी हात वर झाले नाहीत. तिने मला सावकाश, नीट पाहून घेतलं, आणि कूस बदलून माझ्याकडे पाठ केली. मला आनंद झाला आणि रडूही आलं. माझी लेक माझ्यासमोर, माझ्याशिवाय, एकटी झोपेच्या वाटेने निघाली होती. आणि ती परत येईल तेव्हा मी इथेच असेन, याची तिला माझ्यापेक्षा जास्त खात्री होती.