उद्याच्या कथा आणि पहिला फर्मा

माणसाला शंभर शब्द दिले आणि ‘उद्या’वर गोष्ट लिही म्हटलं, की तो पहिल्या चार ओळींत जग बुडवून मोकळा होतो. मग उरलेल्या शब्दांचं काय करायचं ते त्याला सुचत नाही. तो एक यंत्रमानव आणतो आणि त्याला रडवतो. हे मी अनुभवाने सांगते. त्या वर्षी आमच्या दिवाळी अंकाच्या स्पर्धेला आलेल्या सगळ्या कथा मी वाचल्या आणि त्यांचं परीक्षणही मीच लिहिलं. एरवी ते काम आमच्या ह्यांचं.

अंक आमचा छोटा. नाशिकबाहेर फारसा कुणाला माहीत नाही, आणि नाशिकात तरी कुठे सगळ्यांना माहीत आहे! संपादक हे, आणि पोस्टापासून प्रुफांपर्यंत बाकी सगळं मी. इंदिरानगरातल्या आमच्या फ्लॅटची बाहेरची खोली आषाढ लागला की आमची राहत नाही, अंकाची होते. पाहुणा आला तर त्याला बसवायला कविता उचलून लेखांवर ठेवाव्या लागतात. हे कॉलेजात मराठी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर लोक फिरायला जातात, ह्यांनी चुका शोधायला सुरुवात केली. लग्नपत्रिका आली तरी आधी लाल पेन हातात घेणार, मग मुलगी कुणाची ते विचारणार.

चैत्रात ह्यांनी स्पर्धेचा विषय जाहीर केला. ‘उद्या’, शंभर शब्द, मजकूर कल्पित हवा. तेव्हा ह्यांना जेवण जात होतं. कथा यायला लागल्या तोवर पोटात गाठ सापडली, आणि कथांची मुदत संपली तोवर डॉक्टरांनी आम्हाला घरी पाठवून दिलं होतं. डॉक्टर तरुण होता, भला होता. मी विचारलं, “दिवाळीपर्यंत तरी?” तर तो फाइलकडे बघत म्हणाला, “काकू, उद्याचंसुद्धा कुणी सांगू शकत नाही.” मला त्याचा संताप आला. आता ह्यालाही आमचाच विषय मिळावा?

तर दुपारी ह्यांना उशांना टेकवून बसवायचं आणि मी कथा वाचायच्या, असं सुरू झालं. लेखकांची नावं मी आधीच कापून ठेवायची. ओळखीच्याला झुकतं माप नको, ही ह्यांचीच शिस्त. पहिल्याच कथेत गंगापूर धरण कोरडं पडून तिथे मॉल झाला होता. दुसरीत रामकुंडावर यंत्र पिंडदान करत होतं आणि कावळेही यंत्राचेच. एकीत सूर्य हप्त्याने मिळत होता. एकीत सुनेने सासूचं मन चिपमध्ये भरून ठेवलं होतं आणि चिप फ्रिजवर विसरली होती. ह्या शेवटच्या कथेवर हे इतके हसले की पोट धरून कळवळले, आणि मी लिहिणाऱ्याला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या.

“सगळ्यांचा उद्या इतका वाईट का गं?” हे म्हणाले.

“सोपा असतो म्हणून,” मी म्हटलं. “मारून टाकायला अक्कल लागत नाही.”

“हे लिही परीक्षणात.”

“लिहिणारच आहे.”

एकच कथा वेगळी होती. तिच्यात सरकारने फतवा काढलेला असतो की उद्याचा दिवस रद्द. आज संध्याकाळनंतर काही नाही, कुणी तक्रार करू नये. लोक रडतात, देवळात जातात, उरलेलं गोडधोड खाऊन घेतात. आणि एक बाई रोजच्यासारखं दूध कोमट करते, त्याला विरजण लावते, झाकण ठेवते आणि ओट्यावरचा दिवा मालवते. संपली कथा.

“हिला पहिला नंबर,” म्हणाले.

“छे! ह्यात कल्पित काय आहे? फतवा सोडला तर आपल्याच घरातलं आहे.”

“फतवाच तर खरा आहे,” हे म्हणाले आणि डोळे मिटून पडून राहिले.

मला ते झोंबलं. तेव्हा ह्यांना दहीभाताशिवाय काही पचत नव्हतं, आणि रोज संध्याकाळी विरजण मीच लावत होते. परीक्षकाने कथेत स्वतःला शोधू नये असं ह्यांनीच मला शिकवलेलं. मी तिला दुसरा नंबर दिला आणि वाद तसाच ठेवला.

आता पहिल्या फर्म्याचं सांगते. पुस्तकाची सोळा-सोळा पानं एकत्र छापतात, त्याला फर्मा म्हणतात. पहिला फर्मा छापायला मात्र सगळ्यात शेवटी जातो, कारण त्यात अनुक्रमणिका असते आणि पाननंबर ठरल्याशिवाय ती होत नाही. त्यातच संपादकांचं पान. वर ह्यांचं नाव, खाली ‘साहाय्य’ म्हणून माझं. पितृपंधरवडा लागला होता. नवरात्रात अंक बांधायला गेला नाही तर दिवाळीला लोकांच्या हातात पडत नाही. त्या पानाचं प्रूफ मी ह्यांच्या हातात दिलं आणि चहा ठेवायला आत गेले.

परत आले तर पान पांघरुणावर होतं. दोन दुरुस्त्या होत्या. ह्यांच्या नावाआधी लाल पेनाने ‘कै.’ लिहिलं होतं. आणि माझ्या नावाआधीचं ‘सौ.’ खोडलं होतं.

त्या ‘सौ.’चा एक इतिहास आहे. अंक सुरू झाला तेव्हापासून मी म्हणत आले, माझं नुसतं नाव छापा. तुमच्या नावाआधी लिहिता का, लग्न झालेलं आहे म्हणून? हे म्हणायचे, अंकाची पद्धत आहे. दर वर्षी मी प्रुफात ते खोडायची आणि दर वर्षी हे परत घालायचे. इतकी वर्षं डोकं आपटलं तरी गेलं नाही, आणि आता ह्यांनी स्वतःच्या हाताने खोडलं होतं. रेघसुद्धा सरळ मारली होती.

“हे काय आहे?”

“दुरुस्ती.”

“कुणाला विचारून?”

“अंक वाचकाच्या हातात धनत्रयोदशीला पडणार. त्या दिवशी जे खरं असेल ते छापायचं.” वर्गात शिकवावं तसे बोलत होते. “आणि माझं कै. आलं तर तुझं सौ. कसं राहील? एकाच पानावर विसंगती दिसेल.”

“विसंगती गेली खड्ड्यात! माझ्या हातचा दहीभात खाताय आणि मी तुम्हाला कैलासवासी करून छापू? लाज नाही वाटत तुम्हाला, मला हे दाखवायला?”

“चिडू नकोस. चूक राहिली तर शुद्धिपत्र द्यावं लागेल पुढच्या वर्षी.”

“तुम्ही नसाल तर कुठला अंक आणि कुठलं शुद्धिपत्र!”

बोलून गेले. तोंडातून निघालेलं परत घेता येत नाही. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, आणि म्हणाले, “मग तर नीटच छापलं पाहिजे. शेवटचा आहे.”

चहा तसाच राहिला. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी प्रूफ घेऊन निघाले. छापखाना पंचवटीत, आणि पितृपंधरवड्यात गंगा, म्हणजे आमची गोदावरी, ओलांडायची म्हणजे दिव्यच. रिक्षावाल्याने रविवार कारंज्यालाच उतरवलं, “पुढं नाय जात ताई, लय गर्दी हे.” चालत निघाले. परगावच्या गाड्या, मुंडण केलेली डोकी, हातात पत्रावळी. आम्ही नाशिककर हे जन्मभर बघतो आणि त्यातून वाट काढत भाजी आणतो. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्या लोकांच्या तोंडांकडे बघवेना. पिशवी छातीशी धरून, मान खाली घालून पूल ओलांडला.

छापखानेवाले आमचे जुने. मला बघून खुर्ची दिली, पाणी मागवलं, पिशवीतून पान काढून घेतलं आणि चष्मा लावला. बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“वहिनी,” म्हणाले, “कधी? कळवलंसुद्धा नाहीत?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ते उठून उभे राहिले होते, हात जोडलेले. आतलं मशिन बंद करायला त्यांनी पोराला हाक मारली.

“अहो, आहेत!” मी ओरडलेच. “घरी आहेत. सकाळीच मला म्हणाले, मीठ कमी पडलं. आहेत ते!”

“मग हे…”

“द्या इकडे.”

त्यांचंच पेन घेतलं. ‘कै.’ असं खोडलं की कागद फाटला. आणि माझ्या नावाआधी, ज्याच्यावरून मी आयुष्यभर भांडले, ते ‘सौ.’ ठळक अक्षरात लिहिलं. परीक्षणाचं पान मागून घेतलं. ते ह्याच फर्म्यात होतं. विरजणाच्या कथेचा नंबर बदलून पहिला केला.

घरी आले तर हे जागेच. “गेला फर्मा?”

“गेला.”

“माझ्या दुरुस्त्या?”

“दिसल्या त्यांना.”

ह्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. जन्मभर माझी प्रुफं वाचलेला माणूस हा, काय लपणार! “तू ऐकणार नाहीसच,” म्हणाले. थोड्या वेळाने, “आणि पहिला नंबर?”

“विरजणाला.”

“हं. मग ठीक.” त्यानंतर अंकाचा विषय ह्यांनी काढला नाही.

खंडेनवमीला सकाळी हे गेले. झोपेतच. आदल्या संध्याकाळी लावलेलं दही ओट्यावर छान लागलं होतं. कुणा शेजारणीने भांडं उचलून नेलं असेल, मला माहीत नाही.

तेरावं झालं आणि अंकाचे गठ्ठे घरी आले. दिवाळी आम्हाला नव्हतीच, बहिणीने फराळाचा डबा पाठवला तो तसाच होता. गठ्ठा सोडला, पान उघडलं. संपादक म्हणून ह्यांचं नाव, आधी काही नाही, स्वच्छ. खाली मी, सौभाग्यवती. मी त्या नावावरून हात फिरवला आणि मला वाटलं, बरं केलं. खरंच बरं केलं.

मग फोन यायला लागले. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शहरातल्यांना कळलेलं होतं, पण बाहेरच्या वाचकांना कोण कळवणार? “अंक मस्त झालाय, सरांना द्या ना फोन.” “सरांना दिवाळीच्या शुभेच्छा.” “सर कसे आहेत आता?” त्यांनी पानावर जे वाचलं त्यावर विश्वास ठेवला होता. आणि मी प्रत्येकाला सांगायची, अहो, ते गेले. पलीकडचा माणूस म्हणायचा, पण अंकात तर… आणि थांबायचा. एका पानावर जे मी छापू दिलं नाही, ते रोज माझ्या तोंडाने मला म्हणावं लागत होतं. ह्यांचं बरोबर होतं. ह्यांचं नेहमीच बरोबर असायचं, त्याचाच तर राग यायचा.

भाऊबीजेला दुपारी एक फोन आला. बाईचा आवाज, बिचकत बोलणारा. पेठ तालुक्यातल्या शाळेत शिकवते म्हणाली. विरजणाची कथा तिची.

“मॅडम, पहिला नंबर बघून मला खरंच वाटेना. मी कधीच कुठं काही पाठवलं नव्हतं.”

“चांगली आहे कथा.”

“सरांना आवडली का, मॅडम? सरांनी वाचली?”

“मीच वाचून दाखवली. ऐकल्याबरोबर म्हणाले, हिला पहिला नंबर.”

पलीकडे ती हसली की रडली, कळलं नाही. मी म्हणणार होते. तोंडात आलं होतं, रोजचंच वाक्य. एवढ्यात तिने विचारलं, “मॅडम, पुढच्या वर्षी काय विषय ठेवणारेत सर? म्हणजे मी आत्तापासून लिहायला घेते.”

मी भिंतीला टेकले.

“विचारते त्यांना,” म्हटलं. “उद्या सांगते.”