रस्ता संपू नये म्हणून

काम चालू असलं की रस्त्यावर कोणी फारसं बोलत नाही. काम अडलं की मात्र सगळे बोलतात. रोलर बंद पडतो, डांबराची गाडी येत नाही, मोठे साहेब येणार म्हणून माणसं फावडी घेऊन नुसती उभी राहतात. मग सगळे आमच्या चहाच्या छपराखाली येऊन बसतात. सरकारी कामाला अडायला कारणं कमी पडत नाहीत, त्यामुळे किस्सेही कमी पडत नाहीत. मी कोपऱ्यात बसून ग्लास विसळते आणि ऐकते. मला कोणी काही विचारत नाही, ते बरं असतं.

गंजाडच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून आमच्या पाड्याकडे हा डांबरी रस्ता दिवाळीनंतर सुरू झाला. बाबा त्या कामावर आहेत. आई तिथेच चहा-भजी करते. मी डहाणूला अकरावीत आहे, शाळा सुटली की इथे येते. रस्ता आता ओहोळापर्यंत आलाय. ओहोळाच्या पलीकडे आमचा पाडा.

ओहोळावर पूल मंजूर झाला तर पावसाळ्यानंतरही काम चालेल आणि बाबा घरी राहतील. नाही झाला तर बाबा परत बोटीवर जाणार. बोट म्हणजे गुजरातेत ओख्याकडची मासेमारीची बोट. खलाशी म्हणून जायचं आणि जवळजवळ सगळं वर्ष समुद्रावर काढायचं. शेजारच्या पाड्यातला एक काका असाच गेला होता. समुद्रात हद्द चुकली, पलीकडच्यांनी धरलं, काही वर्षं तुरुंगात राहून तो परत आला. आता बरा आहे. फक्त दारातून कोणी मोठ्याने हाक मारली की उठून सरळ उभा राहतो.

०००

बाबा पूर्वी रस्त्यावर नव्हते. डहाणूला एका फुग्यांच्या कारखान्यात होते. मंदी आली ती त्यांना सगळ्यात आधी कळली, कारण हात आखडायची वेळ आली की लोक सगळ्यात आधी फुगा घ्यायचं सोडतात. साखर कोणी सोडत नाही.

एक दिवस शेठनी सगळ्यांना जमवलं. म्हणाले, व्यापारी माल उचलत नाहीत, गोदाम भरलंय, आता काही दिवस घरी बसा. काय करणार, मीच घरी बसतोय. बिचारे खरंच रडवेले झाले होते. जाताना त्यांनी प्रत्येकाला फुग्यांची एकेक गोणी दिली.

त्या वर्षी आमच्या पाड्यात बारशाला फुगे, लग्नाला फुगे, कोणाची म्हैस व्याली तरी फुगे. एका वाडीत तर वानरं येऊ नयेत म्हणून कुंपणाला बांधले. सगळे फुगवून झाले तरी गोणी निम्मी भरलेलीच.

आईने शेवटी ती माळ्यावर टाकली आणि म्हणाली, "एवढ्या वर्षांत एकदा तरी साबणाच्या कारखान्यात लागला असतात."

०००

रस्त्याचे मुकादम रमणभाई. उंबरगावकडचे. मराठी बोलतात, पण रागावले की गुजरातीत जातात, आणि दिवसातला बराच वेळ गुजरातीतच असतात.

सुरुवातीला ते सगळ्यांच्या मागे लागायचे. हात चालवा, खडी टाका, रोलरवाल्याला झोप लागली काय. पाड्यातली जानकी मावशी घमेलं डोक्यावर घेऊन जशी चालायची तशीच चालत राहायची. एकदा रमणभाईंनी तिलाच धरलं. मावशी, तू अशी चाललीस तर हा रस्ता दोन वर्षांत व्हायचा नाही.

मावशीने घमेलं खाली ठेवलं. "रस्ता संपला की आम्ही घरी. आणि भाई, तू कुठे जाणार?"

रमणभाईंनी रस्त्याकडे बघितलं. बराच झाला होता. मग घड्याळात बघितलं. नुकतेच दहा वाजले होते.

"चालो," ते म्हणाले, "बधा लोको चा पी लो."

०००

मध्ये एक मोठं मोहाचं झाड आलं. बांधकाम खात्याच्या इंजिनिअर मॅडम आल्या. त्या नवीन आहेत, स्कूटीवरून येतात, हेल्मेट काढलं की केस आधी नीट करतात आणि मग नकाशा उघडतात. त्यांनी विचारलं, रस्ता झाड तोडून सरळ काढायचा की उजवीकडून वळवून? सरळ काढला तर पाड्यातल्या लोकांना लवकर पोचता येईल.

बाबा कधी पुढे होत नाहीत, पण त्या दिवशी झाले.

"मॅडम, जरा वळणानं घ्या."

मॅडमना वाटलं झाडाची काळजी आहे. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, बघा, गावातल्या लोकांना झाडाची किंमत कळते, शहरात आम्ही लगेच करवत काढतो. त्यांनी झाडासोबत बाबांचा फोटोही घेतला.

बाबा फोटोत अपराध्यासारखे दिसतात.

०००

शाळेत अर्थशास्त्राच्या सरांनी एक धडा शिकवला. मंदीत दुकानदार माल घेत नाही, म्हणून कारखाना माणसं काढतो. कामावरून काढलेली माणसं खर्च करत नाहीत, म्हणून दुकानदार आणखी कमी माल घेतो. अशा वेळी सरकारनेही हात आखडला तर सगळंच थांबेल. म्हणून सरकार मिळकतीपेक्षा जास्त खर्च करतं, रस्ते आणि पूल काढतं. खर्चाला पैसे कमी पडतात ते कर्ज काढून भरतं. याला तुटीचा अर्थभरणा म्हणतात.

मला तो धडा एकदम कळला. वर्गात कोणालाच इतका कळला नसेल. सरांनी विचारलं, कोणी उदाहरण देईल का? मला आख्खा रस्ता दिसत होता, रोलरसकट. पण हात वर झाला नाही.

संध्याकाळी छपराखाली मात्र मी सगळं सांगितलं. मी इतकं बोललेलं कोणी ऐकलं नव्हतं, म्हणून सगळे गप्प बसून ऐकत होते.

जानकी मावशीने विचारलं, "म्हणजे सरकारकडे पैसे नाहीत?"

"कमी आहेत."

"तरी खर्च करतंय?"

"हो. आपण थांबू नये म्हणून."

मावशी खूश झाली. मुलीच्या लग्नात तिने तेच केलं होतं, तेव्हा सगळा पाडा तिला नावं ठेवत होता. पण आईचा हात किटलीवर थांबला. तिने हळूच विचारलं, "पैसेच कमी आहेत तर पुलाचं काय?"

हे मला धड्यात सापडलं नव्हतं.

पलीकडे बसलेल्या दोघातिघांनीही मान वर केली. एकाने विचारलं, हप्त्याच्या मजुरीचं काय मग? तेव्हा रमणभाई उठून माझ्याजवळ आले आणि अगदी मायेने म्हणाले, "बेन, तू खूप शिक. पण इथे नको शिकवू."

दुसऱ्या दिवशी सरांनी पुढचा भाग घेतला. सरकारने असा खर्च फारच वाढवला तर भाव चढतात, चलनफुगवटा होतो. फुग्यात हवा जास्त झाली की तो फुटतो, असं सर म्हणाले. मी घरी फक्त बाबांना सांगितलं.

बाबांनी विचार केला आणि विचारलं, "कुठल्या साइजचा?"

०००

रस्ता करणारं खातं वेगळं आणि पाण्याची पाइपलाइन टाकणारं खातं वेगळं. डांबर वाळलं आणि आठवड्याभरात पाइपलाइनवाले मशीन घेऊन आले. त्यांनी नवाकोरा रस्ता आडवा फोडला.

मॅडम धावत आल्या. त्या मशीनसमोर उभ्या राहून फोनवर कोणावर तरी ओरडत होत्या. त्यांचा पहिलाच रस्ता होता. त्यांनी वळून आमच्या लोकांकडे बघितलं. वाटलं असेल, आता गावकरी चिडतील, मशीन अडवतील.

गावकरी पाइपलाइनवाल्यांना चहा देत होते.

जानकी मावशीने मशीनच्या ड्रायव्हरला दोन भजी जास्त दिली आणि विचारलं, "दादा, पुढच्या बाजूला नाही का खोदायचं?"

०००

चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा असते. आम्ही सगळे गेलो. रांगेतून पुढे गेल्यावर आईने डोळे मिटले आणि ओठ हलवले. बाहेर आल्यावर मावशीने विचारलं, काय मागितलंस? आई म्हणाली, पूल.

"केवढा?"

आईला हे सुचलंच नव्हतं. ती म्हणाली, एक गाडी जाईल एवढा असेल.

मावशीने तिला दंडाला धरून परत रांगेत उभं केलं. देवीसमोर गेल्यावर ती आईच्या कानात म्हणाली, "दोन गाड्यांचा माग. खात्यात गेल्यावर निम्मा होतो."

०००

मे महिन्यात तांडेल आला. तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. माणसं जमवायला तो स्वतः गाडी घेऊन फिरतो. स्वभावाने वाईट नाही. आईला वहिनी म्हणतो, माझा अभ्यास विचारतो. दोन चहा प्यायला. मग बाबांना म्हणाला, देवजी, यंदा येतोस ना? कारखाना सुटल्यावर आला होतास, समुद्र तुला लागत नाही, तुझ्यासारखी माणसं मिळत नाहीत.

बाबांनी सांगितलं, पूल होणार आहे.

तांडेलने ओहोळाकडे बघितलं. मेमध्ये त्यात दगड असतात आणि एका डबक्यात मुलं खेकडे शोधत असतात.

तो म्हणाला, होईल तेव्हा होईल. नारळी पुनवेच्या आधी सांग. आईने भजी तळायला घेतली होती. कढईत काहीच न टाकता ती झारा फिरवत राहिली.

जाताना तांडेलने गाडी सुरू केली, काच खाली केली आणि मनापासून म्हणाला, "रस्ता झकास झालाय रे देवजी. मागच्या खेपेला तुला न्यायला मोठ्या रस्त्यापासून चालत यावं लागलं होतं."

०००

आणि गेल्या आठवड्यात मोठे साहेब आले. पुलाची खरंच गरज आहे का, हे त्यांनी बघायचं आणि वर कळवायचं. पैशाची ओढाताण आहे, जिथे अगदी अडतंय तिथेच पूल द्यायचे, असं वरून सांगितलं होतं. मॅडमनी हे रमणभाईंना सांगितलं, रमणभाईंनी सगळ्यांना सांगितलं, आणि त्या रात्री पाड्यात कोणी नीट जेवलं नसेल.

साहेब ओहोळाच्या काठावर उभे राहिले. खाली दगड. डबकंही आटलं होतं. त्यांनी चष्मा पुसला.

"पाणी येतं का इथे?"

सगळे एकदम बोलायला लागले. खरं म्हणजे पाणी बहुतेक वेळा गुडघ्यापर्यंत असतं. जोर असला तर कमरेपर्यंत चढतं, मग मोठी माणसं दोर धरून जातात आणि आम्ही शाळेला जात नाही. पण त्या दिवशी पहिल्यानेच कमरेला हात लावला. दुसऱ्याने छातीला. रमणभाईंनी पावसाळ्यात हा ओहोळ कधी बघितलेला नाही, त्यांनी गळ्याला लावला. जानकी मावशी मागे होती. ती पुढे आली आणि तिने हात डोक्याच्याही वर धरला.

साहेब हसले नाहीत. "मावशी, मग पलीकडून तुम्ही येता कशा?"

"येतच नाही साहेब. पावसाळ्यात मला कोणी बघितलंय का, विचारा."

कोणी बघितलं नव्हतं. सगळ्यांनी माना हलवल्या.

साहेबांनी फाइल बंद केली. मॅडम खाली बघायला लागल्या. बाबा सगळ्यांपासून बाजूला, एकटेच, ओहोळाकडे बघत उभे होते. तेवढ्यात साहेबांना माझा शाळेचा गणवेश दिसला; सुट्टीतही कामाला मी तोच घालते.

"तू इथलीच ना, बाळ? तू शिकतेस. तू खरं सांग. पाणी कुठपर्यंत येतं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हे मला मुळीच सहन होत नाही. माझ्या हातात चहाचे ग्लास होते, ते मी खाली ठेवले. आई छपराच्या खांबाला धरून उभी होती. बाबांनीही वळून बघितलं.

"बाबांपर्यंत," मी म्हणाले.

"कोण बाबा?"

मी बोट दाखवलं.

साहेब बाबांकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग परत बाबांकडे. मॅडम हळूच म्हणाल्या, सर, पूल नाही झाला तर हे बोटीवर जाणार. शेवटी ते बाबांना म्हणाले, जरा खाली उतरा.

ओहोळात थेंबभर पाणी नव्हतं, तरी बाबांनी सवयीने चपला काढल्या, हातात घेतल्या आणि उतरले. मध्यभागी जाऊन उभे राहिले. मॅडम मोजायची लांब पट्टी घेऊन त्यांच्या मागे उतरल्या आणि त्यांच्याशेजारी ती उभी धरली.

"सर, पाणी कुठपर्यंत लिहू?"

साहेबांनी फाइल परत उघडली.

"ती म्हणाली ना. बाबांपर्यंत."