छत्रीवाली 'येते' म्हणाली

आधीच सांगतो, मी प्रिंटिंगवाला माणूस. भूतबीत सोडा, मी साधा नवससुद्धा कधी बोललो नाही. मरोळला आमचं युनिट आहे, हॉटेलांसाठी मोठमोठी चित्रं कॅनव्हासवर छापतो. त्यातलंच हे एक, इम्प्रेशनिस्ट... फ्रान्समधलं समुद्रकाठचं गाव, श्रीमंत मंडळी हवापालटाला यायची तसलं. हॉटेल, झेंडे, वाळू आणि पुढ्यात पांढऱ्या झग्यातली छत्रीवाली बाई. जवळून पाहिलं तर बाई कसली, ब्रशचे चार फटकारे! निळा रंग जरा जास्त पडला म्हणून तो प्रिंट बाद झाला आणि मी तो बोरिवलीला घरी आणून आईच्या खोलीत लावला. मालवणची बाई, समुद्र बघून खूश होईल म्हणून.

गेल्या वर्षी आईला न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलमधून घरी आणली तरी खाणं बंद, बोलणं बंद. डॉक्टर म्हणाले, आता शरीर किती साथ देतं ते बघायचं.

एका दुपारी आई एकदम स्पष्ट बोलली, "ती छत्रीवाली 'येतंय' म्हणता."

माझी बायको स्नेहा पांढरीफटक पडली. मला बाहेर ओढून म्हणाली, "ऐकलंस ना? ती आईंना न्यायला येतेय. ते चित्र काढ आधी!"

"यार, तापात बोलतात माणसं," मी म्हणालो. पण खोटं कशाला बोलू — माझीही तंतरली होती. आई जाणार, हे तेव्हा मला पहिल्यांदा खरं वाटलं.

स्टूल घेऊन आत गेलो. चित्राला हात घातला आणि थांबलो. बाई नव्हती. तिच्या जागी वाळू... सलग, ब्रशच्या फटकाऱ्यांसकट. रंग उडाला असता तर खालचा पांढरा कॅनव्हास दिसला असता ना!

मागून आई म्हणाली, "काढू नको रे. गेली ती. माका वायच पेज दी."

"अगं, पण 'येतंय' म्हणाली ना?"

"मगे? भायर पडताना 'जातंय' असा कोण म्हणता?"

खरंच की! निघताना आपण सगळेच 'येतो' म्हणतो. घाबरलेल्या आम्हा दोघांना ते सुचलंच नाही. आई वाटीभर पेज प्यायली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो.

आज आई ठणठणीत आहे. मरोळला मूळ फाइल उघडून पाहिली, त्यात बाई आहे, छत्रीसकट. नवा प्रिंट काढला, त्यातही आली. फक्त घरच्या चित्रात नाही. कारण विचाराल तर मला आजही सांगता येणार नाही. शाई, कॅनव्हास, ओल... सगळं तपासून झालं.

परवा मी आईला विचारलंच, "येईल का गं ती परत?"

"येतलीच," आई शेंगा सोलत म्हणाली. "पण घाई नाय म्हणाली."