अंगवर कापूस, डोकाखाले सावर

धानोऱ्यात कोणाच्या घरी गोधडी भरायची निघाली की कापूस आधी अनुसयाबाईच्या ओट्यावर यायचा. रोजच्या गोधड्या काय, जुन्या लुगड्यांवर लुगडी रचली की झाल्या. पण बाळंतिणीची, लेकराची, म्हाताऱ्या माणसाची गोधडी पोटात कापूस घालून भरायची, आणि तो कापूस कोणता हे ठरवणं येरागबाळ्याचं काम नव्हतं. अनुसयाबाई बोटभर पुंजका घ्यायची, मुठीत आवळायची आणि समोरच्या बाईला तिच्या सासूची खबर विचारत बसायची. सासूचं पुराण संपलं की मूठ उघडायची. पुंजका फुलून वर आला तर म्हणायची, "जित्ता शे." चपटाच राहिला तर, "मरेल शे हाऊ. याना वाती कर, देवले चाली."

लांब धाग्याचा, रेशमासारखा कापूस ती दुरूनच परतवायची. त्याचे एका हिवाळ्यात गोळे होतात, मग गोधडीत पाय घातला की नांगरटीत घातल्यासारखं वाटतं. तिला लागायचा देशी कापूस, पहिल्या वेचणीचा, आखूड आणि खरबरीत. "रांगडा ऱ्हास, पण बसत नही," असं ती म्हणायची, आणि हे ती कापसाबद्दल बोलते आहे की मेलेल्या नवऱ्याबद्दल, ते बायकांना कळत नसे. नवरा खरंच कधी बसला नव्हता. तिशीच्या आतच गेला, तोही उभ्या उभ्या, बैलाला पाणी पाजताना. मागे एक पोरगी, एक दाभण आणि सासूनं शिकवलेलं एक वाक्य राहिलं : "अंगवर कापूस, डोकाखाले सावर."

सावर म्हणजे डोंगरातल्या काटेसावरीचा कापूस. वैशाखात बोंडं फुटली की मोलगीकडची माणसं तो टोपल्यांतून खाली आणत. त्याच्या उश्या मारवाड्यांच्या घरी जायच्या. सावरीची उशी डोकं थंड ठेवते, हे सगळ्या मुलखाला ठाऊक. आणि जी डोकं थंड ठेवते ती अंग गरम कशी ठेवील? तीस वर्षं अनुसयाबाई हे धानोऱ्याला सांगत आली होती. गावात आता मुलींनाही ते पाठ झालं होतं.

पस्तीस सालच्या पौषात तिची कमली बाळंत झाली. पहिलंच, म्हणून माहेरी आणलेली, सासर विसरवाडीचं. दिवस भरायला दोन महिने होते. पाण्याचा हंडा उतरवताना कळ आली आणि संध्याकाळच्या आत मुलगा झाला. सुईणीनं त्याला सुपात ठेवलं तेव्हा सुपाचा एक कोपराही भरला नाही. रडलं तेही मांजरीच्या पिल्लासारखं. अंगाला तूप चोपडून सुईण म्हणाली, "बाई, याले ऊब दे. दूध वातवरी पिळ. दुसरं मन्हा हातमा काही नही."

ऊब! त्या वर्षी सातपुड्यावरून असा वारा सुटला होता की हरभरा एका रात्रीत करपून काळा पडला. पण अनुसयाबाईला वाटलं, देवानं आपल्याला जे येतं तेच मागितलं. लोकांची लेकरं उबवली, आता घरचं. ती उठली आणि हस्तीमल शेठच्या वखारीत जाऊन पहिल्या वेचणीच्या देशी कापसात दंडापर्यंत हात घालून बसली. एक पुंजका आवळ, टाक. दुसरा आवळ, टाक. शेवटी हमाल म्हणाला, "मावशी, गोधडी भरानी शे का सून पसंत करानी?"

"सून खराब निघनी तं माहेर धाडता येस," ती म्हणाली. "आठे तसं नही रे भो."

कापूस पिंजून ओट्यावर पसरला होता, तेव्हाच दिवाल्या आणि कालीबाई आले. नवरा-बायको मोलगीच्या वरच्या पाड्यातले. हस्तीमलच्या शेतात फरदड, म्हणजे शेवटचा उरलासुरला कापूस, वेचायला दर साल येत. कालीबाईच्या पाठीला झोळीत चार-पाच महिन्यांचं पोर होतं. पाणी प्यायला टेकली आणि तिची नजर सुपाकडे गेली. झोळीत हात घालून तिनं पोराच्या अंगावरचं एक चिंधीचं पांघरूण ओढून काढलं, तळहाताएवढं जाड, आणि अनुसयाबाईपुढे धरलं.

"बाई, हाई घाल त्याले. सावरनं शे. आम्हना डोंगरमा धाकला पोरेले हाईच घालतस."

अनुसयाबाईनं ते हातात घेतलं. हातात काही आहे असं वाटलंच नाही. तिनं ते लगेच परत केलं.

"सावर थंड ऱ्हास वो माय! हाऊ आधीच गार पडेल शे, त्याले सावर घालू?"

दिवाल्या हसला. बायकोच्या पाठीवरच्या पोराची मान त्यानं बोटानं पुसली आणि बोट अनुसयाबाईपुढे केलं. ओलं होतं. "थंड शे तं मन्हा पोऱ्या घामे काबरं भिजेल शे?"

"तुम्हना पोरे डोंगरना. दगड पांघरी दिधा तरी घाम यी त्यासले!"

सगळे हसले, कालीबाईसुद्धा. तिनं पांघरूण पुन्हा पोराभोवती गुंडाळलं. अनुसयाबाईनं दोघांना भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला, आणि ते शेताकडे गेले.

लेकराच्या गोधडीला अर्धा शेर कापूस पुरतो. अनुसयाबाईनं अर्धा घातला. मग वाऱ्याचा आवाज ऐकला आणि मूठभर आणखी घातला. कमलीच्या पांढऱ्याफटक तोंडाकडे पाहिलं, आणखी एक मूठ. करता करता दीड शेर झाला. आजवर तिनं दुसऱ्याच्या गोधडीत कधी माप चुकवलं नव्हतं. टाके दाट घातले, कापूस एका जागी धरून राहावा म्हणून. अशी गोधडी तिनं आयुष्यात शिवली नव्हती. शेजारणी हात लावून गेल्या. म्हणाल्या, "याना खाले तं बर्फ बी तपी."

पोर गोधडीखाली गेलं. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी कमली म्हणाली, "माय, याना श्वास दिसत नही माले."

"गोधडी जाड शे. कसा दिसी?"

तिसऱ्या दिवशी पोर वातीतून पिळलेलं दूध ओढेना. अनुसयाबाईनं न्हाऊ घालायला गोधडी काढली आणि तिच्या डोळ्यांपुढे पोराची छाती एकदम वर आली, दाबलेला पुंजका मूठ उघडल्यावर यावा तशी. दोन-चार श्वास त्यानं भराभर घेतले. ओठांवरचा निळा रंग कमी झाला. पण तेवढ्यात पायांची बोटं गार पडायला लागली, म्हणून तिनं गोधडी घातली. छाती खाली बसली. तिनं पुन्हा काढली. बोटं गार. पुन्हा घातली.

मग तिनं मूठ आवळून स्वतःच्या छातीवर ठेवली आणि तशीच बसली. काढली तर गारठा, घातली तर भार. भाराचं तिला कधी सुचलंच नव्हतं. तीस वर्षं कापूस जित्ता आहे की मेलेला ते पाहिलं. खालचं अंग किती उचलू शकतं, हे कधी पाहिलं नव्हतं.

हाताला काहीच न लागणारं ते चिंधीचं पांघरूण तिला आठवलं.

शेजारणीला पोराजवळ बसवून ती हस्तीमलच्या शेताकडे पळत सुटली. पन्नाशीची बाई लुगडं खोचून भरदुपारी पळते आहे हे पाहून लोक ओट्यांवरून उठून उभे राहिले. शेतात कापूस वेचून झालेल्या नुसत्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. राखणदार म्हणाला, "डोंगरवाला? त्या तं कालदिन गयात. फरदड सरनी."

"कितला लांब जाई ऱ्हायनात?"

"आते तापी वलांडी व्हई. काबरं, काही चोरी गयात का?"

तिथूनच ती जडावबाईच्या दारात गेली. जडावबाई म्हणजे हस्तीमलची आई, सत्तरीची. बारा वर्षांपूर्वी तिची सावरीची उशी अनुसयाबाईनंच भरली होती. दम खात खात तिनं काय हवं ते सांगितलं. म्हातारीनं खाटेवरची उशी आणली, स्वतःच कात्रीनं खोळ कापली.

आतून पिवळी भुकटी सांडली. सावर दाबली की मोडते आणि मोडली की पुन्हा पिंजता येत नाही, हे अनुसयाबाईइतकं कोणाला ठाऊक होतं? तरी ती बोटांनी चाचपत राहिली. जडावबाई म्हणाली, "बारा वरीस मन्हं डोकं पडेल शे त्यावर, अनुसया. जड डोकं मन्हं. काय ऱ्हाई त्यामा?"

कोपऱ्यांत, जिथं डोकं पोचलं नव्हतं, तिथं दोन मुठी सावर निघाली. जडावबाईनं तिला आपल्या जुन्या ओढणीची मलमल फाडून दिली. तिथेच उंबऱ्यावर बसून अनुसयाबाईनं वीतभर गोधडी शिवली. पाय झाकतील एवढीही नव्हती. छातीपुरती.

ती पोराच्या छातीवर घातली. पायांशी जुन्या लुगड्याच्या घड्या आणि राखेत पुरलेली तापलेली वीट. आणि ती वीतभर गोधडी हालायला लागली. वर, खाली. वर, खाली. कमली ते बघून हसली, बाळंत झाल्यापासून पहिल्यांदा.

मग अनुसयाबाईला काही काम उरलं नाही. तिचे हात कधी रिकामे राहिले नव्हते. आता ते मांडीवर पडून होते. वाऱ्यानं गोधडी हालून आपल्याला फसवू नये म्हणून तिनं दार लोटून घेतलं होतं. ती नुसती बघत बसली. दोन दिवस गोधडी हालत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी, कमलीचा डोळा लागला असताना, गोधडी हालायची थांबली.

अनुसयाबाई उठली आणि तिनं दार उघडलं. वाऱ्यानं तरी हालू दे, म्हणून.

गावात तिला कोणी बोल लावला नाही. सातमाशा पोर, त्यात असा हिवाळा, कोण काय करणार? उलट बायका म्हणत, "काय गोधडी भरी व्हती अनुसयाबाईनी! नशीबच नही त्यानं." कोणी बोल लावला असता तर तिला दोन शब्द बोलता आले असते. महिन्यानं कमली सासरी गेली.

पुढच्या साली फरदडीच्या दिवसांत कालीबाई आली. पाठीवरचं पोर आता पायांनी चालत होतं. डोक्यावर एक गाठोडं, फुग्यासारखं. ते ओट्यावर ठेवून तिनं घरात डोकावून पाहिलं. नातवासाठी बांधलेली झोळीची दोरी आढ्याला नुसतीच लोंबत होती. गाठोडं मात्र तिनं परत उचललं नाही.

त्या सावरीची अनुसयाबाईनं लेकराची गोधडी भरली. पूर्ण, पायांपर्यंतची. फुंकर मारली तरी उठायची. गोधडी पेटीत ठेवून ती वाट बघत राहिली, कशाची ते मनाशीही बोलता येईना.

दोन हिवाळ्यांनी गावातल्याच शोभाला आठव्या महिन्यात मुलगा झाला. अनुसयाबाई गोधडी घेऊन गेली. पोर जाड गोधडीखाली होतं. तिनंच शोभाच्या लग्नात भरून दिलेली, दोन शेरांची, घडी घालून पांघरलेली.

"शोभा, ती काढ. हाई घाल. सावरनी शे, भार नही."

शोभाची सासू हसली. "काय वो बाई, याद गयी का तुन्ही? सावर थंड ऱ्हास. तूच तं सांगं व्हतं आम्हले."

"मी चुकनी व्हती."

"तू? कापूसमा?" सासू आणखी हसली. "दुःखमा माणूस काही बी बोलस. बस, चहा ठेवस मी."

अनुसयाबाईनं छातीवरचा भार सांगितला, कालीबाईच्या पोराचा घाम सांगितला. बायका मान हलवत राहिल्या, वेडसर माणसापुढे हलवतात तशी. तिचा मान राहावा म्हणून शोभानं ती गोधडी घेतली, तिच्या चार घड्या घातल्या आणि पोराच्या डोक्याखाली ठेवली.

अनुसयाबाई चहा पिऊन घरी आली. रोज दुपारी काहीतरी निमित्त काढून ती त्या दारावरून जायची आणि आवाज येतो का ऐकायची. पोर त्याच दोन शेरांच्या गोधडीखाली जगलं. अंगानं भरलं, बारशाला बन्सीलाल नाव ठेवलं. तिला आनंद झाला, आणि त्या आनंदानंतर तिला कोणालाच काही सांगता आलं नाही. स्वतःलासुद्धा नाही.

बन्सी पाच वर्षांचा असताना शोभा त्याला कडेवर घेऊन आली. हातात तीच गोधडी, आता उशीच झालेली, बसून चपटी.

"मावशी, याले हाईच लागस झोपाले. नवी सावर भरी दे ना. तुन्हं खरं व्हतं देख, अंगवर कापूस, डोकाखाले सावर. मन्हा पोऱ्या त्यावरच तरना."

अनुसयाबाईनं उशी घेतली, टाके उसवले, भुकटी झटकली. मग कालीबाईच्या गाठोड्यातली उरलेली सावर काढली आणि उठून दार लोटून घेतलं, कारण सावर वाऱ्यानं उडते.