बायांच्या गोळ्या

कुरुंद्याच्या शीतलला वांझ म्हणताना सासरी कुणाची जीभ अडखळत नव्हती. हळद शिजवायला आलेल्या बायांसमोर सासू जनकाबाई खुशाल म्हणायची, "आमच्या प्रमोदची छाती बघा. दोष कुणात हाय, ते काय सांगावं लागतं?"

बीज सुटावं म्हणून आधीच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या शीतलनं वर्षानुवर्षं गिळल्या. डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढं चकाकायचं. प्रमोद मात्र तपासणीचं नाव काढलं की उखडायचा, "मी काय आजारी हाय का?"

आखीर वसमतच्या नव्या डॉक्टरीणबाई हटून बसल्या. तपासणीत त्याच्या वीर्यात बीज जवळपास नव्हतंच.

"जिममधली इंजेक्शनं घेता?" त्यांनी विचारलं.

प्रमोदनं मान खाली घातली. "लग्नाआधीपासून."

शीतलच्या मस्तकात तिडीक गेली. बाई समजावत होत्या, "इस्ट्रोजेन बाईतच असतं असं नाही. पुरुषाच्या अंगातही टेस्टोस्टेरॉनपासून थोडं तयार होतं. मेंदूखालची पियुषिका ग्रंथी या दोन्हींवरून अंदाज घेते. तुम्ही बाहेरून टेस्टोस्टेरॉनचंच इंजेक्शन टोचता, दोन्ही वाढतात. ग्रंथीला वाटतं, भरपूर आहे. ती हुकूम सोडायचं थांबवते आणि बीज बनणं बंद पडतं. इंजेक्शनं सोडा. इस्ट्रोजेनचा निरोप ग्रंथीपर्यंत पोचू न देणाऱ्या गोळ्या देते, म्हणजे कमी पडतंय असं वाटून ती पुन्हा कामाला लागेल."

औषधाच्या दुकानात शीतलनं पाकीट बघताच ओळखलं. तिच्याच गोळ्या!

"ह्या तर बायांच्या हायत," प्रमोद कुजबुजला. "मी न्हाई घेणार."

"मी घेतल्या की!" भर बाजारात ती कडाडली. "तुमी टोचून घेत राहिले अन् मी गिळत राहिले. आता तोंड उघडा!"

घरी आल्यावर तिनं त्याला आईपुढं उभं केलं. त्यानं सगळं सांगितलं. जनकाबाई घाबरून म्हणाली, "बाहेर बोलू नको गं, पोराची इज्जत जाईल."

"अन् माझी?"

शीतल तशीच खळ्यावर गेली. हळद निवडणाऱ्या बायांना तिनं खड्या आवाजात सगळं सांगितलं आणि हट्ट्याला माहेरी निघून गेली.

प्रमोदनं इंजेक्शनं सोडली, गोळ्या घेतल्या. काही महिन्यांनी तो हट्ट्याला आला. बीज वाढल्याचा रिपोर्ट त्यानं हसतमुखानं पुढं धरला. "चल आता. माय वाट बघून राहिली."

शीतलनं तो वाचला. "चांगलं झालं," ती म्हणाली. "पण वांझ म्हणत होते तवा तुमाला ठाव होतं, टोचताय ते. एकदा तरी बोलले का?"

त्यानं रिपोर्ट परत घेतला आणि घडी घालून खिशात ठेवला. तिनं चहा दिला. त्याची बस आली, तेव्हा ती दारापर्यंतही गेली नाही.