मधल्या दारापलीकडचा शेजारी

रत्नागिरीत आमच्या आणि शेजारच्या बिऱ्हाडांमध्ये एक दार होतं. ते कायम बंद असे, पण आवाज आरपार जात. शेजारी क्रूझ जहाजावर केबिन आवरायचं काम करी आणि वर्षातून दोन महिने घरी बायकोकडे येई. तो इतका हळू बोले की दोनदा विचारावं लागे.

"बोटीवर जोडकेबिनींचं हेच दुखणं," तो सांगायचा. "मधल्या दारातून सगळं ऐकू जातं. लोक तक्रार करतात, मग आम्ही फटीत टॉवेल कोंबतो."

वडील वारल्यावर आई दुपारभर त्यांच्या फोटोशी मोठ्यानं बोलत बसे. मी ओशाळून शेजाऱ्याला म्हटलं, "तुम्हाला त्रास होत असेल. फटीत कापड कोंबू का?"

"नको," एवढंच तो म्हणाला.

एका दुपारी मी कचेरीत असताना आई मोरीत पडली. त्यानं मधल्या दाराची कडी तोडून तिला दवाखान्यात नेलं. मी धावत पोचलो.

"पडल्याचा आवाज आला का?"

"नाय. काकींचं बोलणं थांबलं."

आई घरी आली, त्याच आठवड्यात त्याची रजा संपली. रिक्षात बसताना तो बायकोला म्हणाला, "दुपारचा टीव्ही लावू नको गो. काकी एकट्या असतात."